आगळातला ‘ळ’: एआय हाताशी घेऊन कोकमाचं लेबल करताना

मी कुडाळला राहते आणि ग्राफिक डिझाइन करते. पुण्यात याला ब्रँडिंग म्हणायचे, इथे ‘कॉम्प्युटरवरचं काम’ म्हणतात. लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, आंब्याचे खोके, खानावळीची मेनूकार्डं, सगळं त्यात येतं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एआयची साधनं वापरून केलं. जानेवारीत सुरू झालं, डिसेंबरात संपलं. खरं तर एक कागद अजून सरकारदरबारी फिरतोय. मध्ये दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. आजूबाजूला हे कोणीच केलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायला माणूस नव्हतं. कुणाला अशा वाटेने जायचं असेल तर माझे खड्डे तरी माहीत असू देत, म्हणून लिहितेय.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. तिळगूळ घेऊन काकी आल्या. नात्याने नव्हे, आमच्या आईच्या शेजारणीची जाऊ. तालुक्यातल्या एका वाडीत त्या, त्यांची सून आणि शेजारच्या पाच बायका मिळून कोकमाचं आगळ (दाट रस), सरबत आणि आमसुलं करतात. आजवर बाटलीवर झेरॉक्सचा कागद चिकटवायचा. आता पुण्याच्या एका दुकानदाराने माल घेतो म्हणून सांगितलेलं, पण लेबल नीट हवं.

मी विचारलं, कसं हवं? रंग, चित्र, काही मनात आहे?

“माका काय कळणा नाय गो. तू करशीत ता बरा. माणसान एकदा हातात घेतल्यान की ठेवचो नाय, असा कर.”

डिझाइनच्या भाषेत याला ब्रीफ म्हणतात, आणि आमच्याकडे बहुतेक ब्रीफ एवढंच असतं. तीन लेबलांचे पंधरा हजार ठरले, पाच आगाऊ. काकींना तेही जास्त वाटले, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

पंधरा हजारांत चित्रकाराकडून तीन-तीन नमुने काढून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मिडजर्नी या चित्रं काढून देणाऱ्या एआय साधनाचं सर्वांत स्वस्त खातं घ्यायचं ठरवलं, महिना १० डॉलर. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. बँकेत गेले तर कळलं की कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते. ते ॲपमधून चालू करायचे असतात आणि मर्यादाही आपणच घालायची असते. मर्यादा दीड हजाराची ठेवा, आणि दर महिन्याला पैसे आपोआप कापण्याची परवानगी देण्याआधी कॅलेंडरात आठवण लावून ठेवा. मी ती लावली नव्हती. मार्चचे पैसे काम न करता गेले.

पहिला आठवडा नुसता मजेत गेला, हे कबूल करते. इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आणि मिनिटभरात चार चित्रं समोर. ही साधनं चित्र कसं काढतात हे थोडं वाचलं तेव्हा पुढच्या गोंधळाचा उलगडा झाला. सुरुवातीला पडद्यावर नुसते विस्कटलेले ठिपके असतात, बिघडलेल्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसे. शब्दांशी जुळेल अशा बेताने ती खळबळ टप्प्याटप्प्याने पुसत नेली की चित्र उरतं. काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे त्याने आधी पाहिलेल्या अगणित चित्रांवरून ठरतं. जे भरपूर पाहिलंय ते झकास येतं. जे कमी पाहिलंय त्याच्या जागी शेजारचं काहीतरी येतं.

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, त्याने फारसा पाहिलेला नसावा. ‘कोकम’ लिहिलं की टोमॅटो यायचे, कधी आलुबुखार, एकदा तर डाळिंब फोडून ठेवलेलं. शास्त्रीय नाव घालून पाहिलं, गार्सिनिया इंडिका, तर मँगोस्टीन आलं. ते रातांब्याचं चुलत भावंड, गार्सिनिया मँगोस्ताना. जाड जांभळी साल, आत लसणीच्या कांडीसारख्या पांढऱ्या पाकळ्या. कुळ बरोबर, घर चुकलं. पण छापील चित्र म्हणून ते इतकं देखणं दिसत होतं की मला वाटलं, चालून जाईल.

२ फेब्रुवारीला २४ चित्रं साध्या कागदावर रंगीत छापून वाडीवर गेले. फोनवर दाखवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तिथे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, आणि वयस्क माणसं फोनवरच्या कुठल्याही चित्राला ‘छान’च म्हणतात. कागद मात्र हातात घेतात, लांब धरतात, दुसरीला देतात. रंगीत प्रिंटचे २४० रुपये झाले. पूर्ण कामात याहून चांगला खर्च झाला नाही.

काकींनी पहिला कागद उचलला. “ह्यो रातांबो न्हय, टमाटो.” दुसरा. “ह्येका देठ खंय आसा?” तिसरा. “द्राक्षांसारखो घोस लागता काय कधी?” मग बाकीच्या बायका सरसावल्या. एकीने सांगितलं, पिकलेला रातांबा असा एकसारखा लाल नसतो, एका अंगाने काळसर पडतो. दुसरी म्हणाली, फोडल्यावर आतली बी पांढऱ्या चिकट गरात असते आणि हाताला रंग लागतो तो सालीचा, तर चित्रातल्या बाईचे हात इतके स्वच्छ कसे? सुनेने तर एक कागद बाजूलाच काढला: आगळाचा रंग असा पारदर्शक गुलाबी नसतो, तो सरबताचा. आगळ दाट, जवळजवळ काळं, ग्लासात पाणी पडलं की मग लाली उघडते.

ज्या बाईने मला ‘काय कळणा नाय’ म्हणून सांगितलं होतं, ती दीड तास न थांबता बोलत होती. मी वही काढून लिहीत सुटले. कोऱ्या कागदावर काय हवं ते सांगणं कुणालाही अवघड जातं. समोर चुकीची वस्तू ठेवली की चूक दाखवणं मात्र सोपं, आणि त्यात माणूस थोडं रंगतंही. चुकीची चित्रं नसती तर आगळ आणि सरबताचा रंग वेगळा ठेवायचा हे मला छपाईनंतर कळलं असतं. त्या दिवसापासून मी ही साधनं अंतिम चित्रासाठी कमी आणि अशा चुकीच्या नमुन्यांसाठी जास्त वापरते. नमुने मुद्दाम वाईट करत नाही, ते आपोआप होतात.

परतताना सुनेने मागच्या वर्षीचे रातांब्यांचे ३० फोटो पाठवले. फेब्रुवारीत झाडावर लहान हिरवी फळं होती, पिकलेलं काही मिळणार नव्हतं.

मार्चमध्ये दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे २५ मार्चला चॅटजीपीटीत चित्रं काढण्याची नवी सोय आली. आठवत असेल, त्या आठवड्यात निम्म्या महाराष्ट्राने स्वतःचे फोटो जपानी ॲनिमेशनसारखे करून डीपीला लावले होते. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे होतं: यात अक्षरं नीट येतात असं सगळे म्हणत होते. तेव्हा महिन्याला २० डॉलर अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. श्वास रोखून एक महिना घेतलं आणि लिहिलं, लेबलावर देवनागरीत ‘कोकम आगळ’ हवं.

आलं, ‘कोकम आगल’.

इंग्रजी अक्षरं खरोखर चांगली येत होती. देवनागरीत मात्र ‘ळ’चा ‘ल’ होत होता, आणि तोही हिंदी वळणाचा. ‘सिंधुदुर्ग’मधला रफार प्रत्येक वेळी वेगळ्या अक्षरावर जाऊन बसायचा. एकदा ‘आमसुलं’वरचा अनुस्वार गायब झाला, एकदा दोन आले. अकरा वेळा प्रयत्न केला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी आहेत. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावेत असं महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. पण चित्र काढणारं यंत्र अक्षर लिहीत नाही, अक्षराचं चित्र काढतं. त्याच्या दृष्टीने ‘ळ’ म्हणजे दोन वेटोळी. काकींच्या दृष्टीने ‘आगल’ नावाची वस्तूच जगात नाही.

तेव्हा अक्षरं स्वतः बसवायची, यात दुमत नको. मी मुक्ता हा मोफत, मुक्त परवान्याचा फाँट घेतला. भाषा मराठी निवडली की त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. इलस्ट्रेटरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि दोष फाँटला जातो. आणि छापखान्याला फाइल द्यायच्या आधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून टाका. आमच्याकडचे बरेच छापखाने अजून कोरलच्या जुन्या आवृत्तीवर आहेत. तिथे युनिकोड उघडलं की ऱ्हस्व वेलांटी उडून पुढच्या अक्षराला चिकटते. नंतरच्या महिन्यांत नवी साधनं आली, त्यांत देवनागरी सुधारलीय. तरीही ‘ळ’ आणि रफार मी डोळ्यांत तेल घालून तपासते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. काकींचा मुलगा मुंबईला असतो. त्याने फोन करून सांगितलं, “ताई, तुम्ही ते एआय वापरता ना, मग बॉर्डर चित्रकथी स्टाइलमध्ये काढून टाका की. दोन मिनिटांचं काम.” मी काढून पाहिलं. जे आलं त्यात वारलीची माणसं होती, मधुबनीसारखे भरलेले मासे होते आणि चित्रकथी कुठेच नव्हती. मला चित्रकथी माहीत आहे, कारण पिंगुळी कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. ठाकर समाजाची ही कला. चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक पान दाखवत, गात रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या. बाजूने पाहिलेला चेहरा, मोठा डोळा, लांब नाक. याच पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपल्याबद्दल.

खरं सांगायचं तर चित्र हुबेहूब आलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. कदाचित वापरलंही असतं आणि वर्षभर पिंगुळीच्या रस्त्याने जाताना मान खाली घातली असती. चुकीचं आलं म्हणून वाचले. रविवारी स्कूटर काढली, गेले, आणि ही चित्रं काढणाऱ्या एका तरुणाला विचारलं. त्याने रातांब्याच्या फांद्यांची बॉर्डर आणि आगळ पिळणाऱ्या दोन बायका असं काढून द्यायचे ६,००० सांगितले. माझे पंधरा हजार, त्यातून सहा. काकींशी बोलले. मुलगा फोनवर थोडा चिडला. काकींनी एवढंच विचारलं, “तेंका रातांबो म्हायत आसा मा?” चित्रकाराच्या घरामागेच झाड होतं. काकींनी तीन हजार जास्तीचे दिले.

इथे एका कागदाबद्दल सांगायलाच हवं. चित्रकाराकडून हक्क लिहून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मला हे आधी माहीत नव्हतं, ट्रेडमार्कवाल्या एजंटने सांगितलं. आम्ही नुसत्या व्हॉट्सॲपवर ‘ओके’ केलं होतं. मग साध्या मराठीत एक पान लिहिलं: कुठल्या तीन उत्पादनांसाठी, किती वर्षं, कुठे कुठे, मूळ चित्र कुणाकडे राहील, लेबलावर चित्रकाराचं नाव येईल का. (येतं. बारीक आहे, पण आहे.)

एप्रिलमध्ये रातांबे पिकले आणि कामाला वेग आला. खरी फळं पांढऱ्या चादरीवर ठेवून ओसरीत सकाळच्या उन्हात फोटो काढले. एआयचा दुसरा खरा उपयोग मला इथे झाला. पाठीमागची चादर काढणं, सावली सारखी करणं, एका फांदीचं तुटलेलं टोक भरून काढणं, ही कामं फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने तासाची मिनिटांवर आणली. ॲडोबीचं म्हणणं आहे की त्यांचं फायरफ्लाय हे मॉडेल परवाना असलेल्या आणि हक्क संपलेल्या चित्रांवर शिकवलेलं आहे. व्यावसायिक कामात मला त्यातल्या त्यात ते बरं वाटतं. चित्रकाराची बॉर्डर स्कॅन करून स्वच्छ केली, तीन लेबलांसाठी तीन रंगांत करून पाहिली. बाटलीवर लेबल कसं दिसेल याचे नमुने तर अर्ध्या दिवसात तयार झाले: दुकानाच्या फळीवर, पंगतीत, खिडकीत. हेच पूर्वी मी बाटल्या आणून, कागद चिकटवून, फोटो काढून करायची. ते नमुने पाहून पुण्याच्या दुकानदाराने पहिल्यांदा मेलला उत्तर दिलं.

आता मजकूर. इथे मी पडता पडता वाचले, म्हणून जरा सविस्तर.

लेबलावरचा मजकूर मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. त्याने लिहिलं की कोकम पित्त शमवतं, वजन कमी करतं, हृदयाला चांगलं, आणि वर ‘१०० टक्के नैसर्गिक’. काकींना हे फार आवडलं. घरात आपण हेच बोलतो. पण खाद्यपदार्थाच्या लेबलावर रोग बरा करतो असं लिहिता येत नाही, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्दसुद्धा एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत अटींनी बांधलेला आहे. सगळं काढलं. मग त्यालाच म्हटलं, पोषणमूल्यांचा तक्ता दे. लगेच दिला. ऊर्जा, कर्बोदकं, साखर, सोडियम, सगळे आकडे दशांशासह, देखणे. मी तो लेबलात बसवलासुद्धा. रात्री झोपताना डोक्यात आलं की याने काकींचं आगळ चाखलेलं नाही, त्यांनी मीठ किती घातलंय हे याला कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवला. तिन्ही उत्पादनांचे मिळून ११,४०० रुपये आणि १६ दिवस. काकींच्या तोंडचं पाणी पळालं, पण दुकानदाराला अहवाल हवाच होता. अहवाल आला तेव्हा आगळातल्या सोडियमचा आकडा चॅटजीपीटीच्या आकड्याच्या जवळपाससुद्धा नव्हता. तो तक्ता छापला असता तर खोटी माहिती माझ्या हाताने गेली असती.

बाकीचं मी छापील नियम समोर ठेवून एकेक खूण करत केलं. पदार्थाचं नाव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. सरबतात साखर कोकमापेक्षा जास्त, म्हणून ‘साखर’ पहिली, आणि हे काकींना अजिबात पटलं नाही. निव्वळ वजन, बॅच, उत्पादन आणि वापराची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, बाटली लिटरपेक्षा लहान असल्याने दर मिलिलिटरची किंमत, तक्रारीसाठी फोन, पत्ता, हिरव्या चौकटीतला हिरवा भरीव गोल. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. काकींची उलाढाल १२ लाखांच्या आत, त्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये, ती एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर आधीच झालेली होती. एक गोष्ट ऐकून मीही चमकले: ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते, मराठी वाढीव म्हणून घालता येते. म्हणजे जागा दुप्पट. १८ बाय ८ सेंटिमीटरच्या पट्टीत हे सगळं बसवताना बॉर्डरच्या फांदीची दोन पानं कापावी लागली. ती कापताना चित्रकाराला विचारलं. हसला.

जागेवरून आठवलं. एआयचं चित्र पडद्यावर मोठं दिसतं, छपाईला ते चिमुकलं असतं. १०२४ पिक्सेलचं चौकोनी चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरतं. १८ सेंटिमीटर रुंदीला २,१०० पिक्सेलच्या वर लागतात. मोठं करून देणारी साधनं आहेत, पण ती नवे तपशील कल्पनेने भरतात. माझ्या एका फळाच्या सालीवर त्यांनी स्ट्रॉबेरीसारखे ठिपके आणले.

लेबलं कोल्हापूरला छापायला दिली. पहिलं प्रूफ २ मेला एसटी पार्सलने आलं आणि मी कुडाळ स्थानकातच पाकीट फाडलं. आगळाचा तो दाट लाल विटकरी झाला होता. पडद्यावरचा लाल प्रकाशाचा असतो, कागदावरचा चार शाईंचा. एआयची आणि फोनच्या कॅमेऱ्याची चित्रं त्या प्रकाशाच्या रंगांत येतात. मी रूपांतर केलं होतं, पण शेवटी, घाईत. पुन्हा बसले, किरमिजी वाढवला, काळा दहा टक्क्यांवर आणला. दुसरं प्रूफ ९ मेला ठीक आलं. तीन हजार लेबलं, चिकटपट्टीच्या कागदावर, मॅट लॅमिनेशनसह १३,८०० रुपये. १७ मेला हाती.

आणि मग पाऊस. गेल्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच कोसळायला लागला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि लगेच दुसऱ्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर. आमसुलांसाठीची सोलं वाळायला पसरलेली, चार दिवसांची ऊनं बाकी होती. बायकांनी ती चुलीवरच्या माळ्यावर, पंख्याखाली, मिळेल तिथे पसरली. अर्ध्याहून जास्त आमसुलं बुरशीने गेली. म्हणजे माझ्याकडे आमसुलांची हजार सुंदर लेबलं आणि चिकटवायला पाकिटं साडेतीनशे. त्या आठवड्यात लेबलाबद्दल काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. आगळ आणि सरबत मात्र आधीच भरून झालेलं होतं. ते १ जूनला पुण्याला गेलं.

ट्रेडमार्कचं प्रकरण जूनमध्ये. नावासाठी एआयकडून चाळीस सुचवण्या घेतल्या होत्या. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो, तिथे एकेक घालून पाहिल्या. बहुतेक आधीच कुणीतरी घेतलेल्या किंवा त्यांच्या अगदी जवळच्या. यंत्राला जे पहिल्यांदा सुचतं ते सगळ्यांना पहिल्यांदा सुचलेलं असतं, ‘अमृत’, ‘कोकण’, ‘नेचर’ यांची उलटसुलट जुळणी. शेवटी नाव काकींच्या परड्यातल्या एका दगडाचं निघालं. ते इथे लिहीत नाही, अर्ज चालू आहे.

अर्ज टीएम-ए नमुन्यात, ऑनलाइन. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडायचं, ते मोफत मिळतं, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. काकींकडे एकाने दीड हजार मागितले होते. सरबतासाठी वर्ग ३२, आमसुलांसाठी २९, म्हणजे ९,००० आणि एजंटचे ३,०००. एजंटने पहिलाच प्रश्न विचारला: चित्र कुणी काढलं? एआयने असेल तर आत्ताच सांगा. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून संगणकाने घडलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती असं म्हटलंय. पण तेव्हाचा संगणक आणि आजचा यांत जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेत तर मार्च २०२५ मध्येच अपील न्यायालयाने सांगितलं की कर्ता माणूसच असायला हवा. मी पिंगुळीचा कागद पुढे केला. एजंटने तो वाचला, फाइलीत लावला आणि विषय बदलला. इतकं हलकं मला वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

९ जूनला अर्ज गेला. चित्र असलेल्या चिन्हांना व्हिएन्ना वर्गीकरणाचे आकडे देतात, त्यात आमच्या फांदीला फळझाडांच्या पंगतीत बसवलं. मग तीन महिने शांतता. सप्टेंबरात परीक्षण अहवाल आला: ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली हरकत, साधारण मिळतंजुळतं एक नाव आधीपासून आहे. उत्तराला ३० दिवस. घाबरू नका, हे बहुतेकांना येतं असं एजंट म्हणाला. मी तरी घाबरलेच. त्या दुसऱ्या चिन्हाचं चित्र, वस्तू आणि उच्चार आमच्यापेक्षा कसे वेगळे आहेत हे लिहून दिलं. त्या उत्तराच्या पहिल्या खर्ड्याला चॅटजीपीटीची मदत घेतली. खर्डा नेटका होता, फक्त त्यात दोन निकाल असे उद्धृत केले होते की जे एजंटला कुठेच सापडले नाहीत. ते खोडून उत्तर गेलं. ११ डिसेंबरला ‘स्वीकृत’ असं दिसलं. आता ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येईल, मग चार महिने कुणी हरकत घेतली नाही तर प्रमाणपत्र.

माझा हिशोब: मिडजर्नी तीन महिने आणि चॅटजीपीटी दोन महिने मिळून सात हजारांच्या आत, चित्रकाराच्या सहा हजारांतले माझ्या वाट्याचे तीन हजार, प्रवास आणि प्रिंटं हजारभर. हातात चार हजार उरले. नफा म्हणून हसण्यासारखं, पण पुढचं काम करताना निम्मा वेळ लागेल हे आता माहीत आहे, आणि दर काय लावायचा हेही.

काकींचा फोन परवाच आला. बियांचं मुठेल काढतात त्या, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचं. त्याच्या वड्यांसाठी कागद हवाय.

“आधी ते टमाटे घेवन ये गो,” म्हणाल्या. “बायका इचारतत, यंदा काय चुकीचा काढलंस ता.”